बापूला कोण सांगणार

पंढरीतात्या दारात चपला काढत उभे राहिले, ते बराच वेळ काढतच राहिले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून थोरल्या भावाशी भांडण झालं, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते लातूरच्या या घरी आले नव्हते. आज मुखेडहून पहिल्या एसटीनं निघाले होते. हातातल्या पिशवीत भुईमुगाच्या ओल्या शेंगा होत्या.

"दादाला आवडतेत," पिशवी पुढं करत ते म्हणाले.

शिवकन्येनं पिशवी घेतली. मामांना दीड वर्षापासून शेंगदाणा गिळवत नाही, हे तिनं सांगितलं नाही. सासऱ्यांसाठी वरण-भात मिक्सरमधून काढून, गाळून ठेवला होता. त्याच्याशेजारी तिनं शेंगा ठेवून दिल्या.

"दादा झोपलाय का?"

"जागे हायत. आतल्या खोलीत. आत्याबाई पाय दाबायल्यात."

तात्या आत गेले नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसले. बालाजी आतून दार ओढून घेऊन आला आणि बायकोच्या शेजारी ओट्याला टेकून उभा राहिला. तो एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. रविवारची टेस्ट दुसऱ्यावर टाकून तो आज घरी थांबला होता, यावरूनच शिवकन्येनं ओळखलं होतं, की बोलणं तिच्याशीच आहे.

"उद्या दवाखान्यातल्या त्या समुपदेशक लुंबिनीताई विचारतील," तो हळू आवाजात म्हणाला. "तू सांग, बापूला सगळं समजावून सांगितलंय म्हणून. बापू मान हलवतील. त्यांना आता बोलायचाच त्रास होतो."

"ताई मला न्हाई, मामांना विचारणार हायत. शुक्रवारीच बोलल्या. पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय डॉक्टर हात लावणार न्हाईत."

"म्हणून तर म्हणतोय, तू आधी ताईंशी बोल."

"आणि ऑपरेशन झाल्यावर?"

"झाल्यावर बघू."

"झाल्यावर त्यांच्याजवळ कोण असंल? तुम्ही?"

बालाजीनं नजर वळवली.

"डोळे उघडतील, पाणी मागायला जातील, आणि आवाजच निघणार न्हाई," शिवकन्या म्हणाली. "त्या टायमाला समोर मी असंन. ते माझ्याकडं बघतील. मी काय सांगू? गाठ काढतो मनून नेलं, आणि गळाच घेतला तुमचा?"

सासऱ्यांच्या, म्हणजे व्यंकटीच्या घशात स्वरयंत्रावर गाठ होती. गेल्या वर्षी रेडिएशनचे तेहेतीस शेक झाले. शिवकन्या तेहेतीस वेळा ऑटोत त्यांच्याशेजारी बसून गेली होती आणि आली होती. चार महिने बरे गेले, मग खोकल्यातून रक्त आलं. आता डॉक्टर म्हणत होते, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वासासाठी गळ्याला छिद्र ठेवावं लागेल, ते कायमचं. व्यंकटीला मात्र सांगितलं होतं ते एवढंच, की एक लहानशी गाठ काढायची आहे.

आणि हा माणूस तीस वर्षं मार्केट यार्डात हर्राशी, म्हणजे मालाचा लिलाव पुकारत आला होता. सोयाबीनच्या ढिगावर उभा राहून त्यानं भाव पुकारला, की तिसऱ्या शेडमधला हमालही मान वर करायचा.

सासू नागाबाई आतून आली. दार तिनं पुन्हा ओढून घेतलं.

"सांगू नगस गं माय," ती सुनेचा हात धरून म्हणाली. "त्यांची जबान हीच त्यांची जिंदगी हाय. कळलं तर दवाखान्याची पायरी चढायचे न्हाईत. आधी जगू दे. मागून मला काय बोलायचं ते बोलतील."

"मागून ते बोलणार कसे, आत्याबाई?"

नागाबाईनं हात सोडला.

"कापाकापीच कशाला पायजे?" तात्या उंबऱ्यातून म्हणाले. "माझं ऐका. दादाला काय सांगू नका, गावाकडं घेऊन जातो. मोकळी हवा हाय. जितके दिवस हायत तितके सुखानं राहील."

"काय होईल ते माहीत आहे का तुम्हाला?" बालाजीचा आवाज चढला, त्यानं तो लगेच खाली आणला. "श्वास बंद होईल. मोकळ्या हवेत श्वास बंद होईल."

तिघांची मतं एक नव्हती, पण व्यंकटीला सांगायचं नाही यावर तिघं एक होते. शिवकन्येनं हात पुसले.

"मी एका माणसाला बोलावलंय," ती म्हणाली. "देवणीचे हायत, धोंडप्पा. एसटीत कंडक्टर होते. त्यांचं हेच ऑपरेशन झालंय. लुंबिनीताईंनी नंबर दिला. चार वाजता येतील."

"फोन कर आणि नको म्हण," बालाजी म्हणाला.

"न्हाई."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. या घरात मोठ्यांसमोर तिनं नवऱ्याला असं कधी उत्तर दिलं नव्हतं. बालाजी एकदम गॅलरीत निघून गेला.

*

तिसऱ्या मजल्यावरून औसा रोडवरची गर्दी दिसत होती. पाठीवर सॅक घेतलेली पोरं टेस्टला चालली होती. बालाजी त्यांच्याकडं बघत उभा राहिला. त्याला राग आला होता. पण तो कशाचा, हे त्याला नीट ठरवता येत नव्हतं.

ती 'तुम्ही?' म्हणाली होती. एवढंच.

पहिल्या शेकाला तोही गेला होता. बापूला टेबलावर निजवलं, तोंडावर जाळीचा पांढरा मुखवटा बसवला आणि तो टेबलाला खटाखट अडकवून टाकला. मान हलू नये म्हणून. जाळीतून बापूचे डोळे त्याला शोधत होते. बालाजी बाहेर आला, संडासात जाऊन ओकला आणि शिवकन्येला म्हणाला, मला लेक्चर आहे. त्यानंतर बत्तीस वेळा त्याला लेक्चर होतं. फाईल तो बघायचा, डॉक्टरांना फोन तो करायचा, आजाराविषयी मिळेल ते वाचून काढायचा. पण बापूच्या खोलीत जाऊन बसणं त्याला जमत नव्हतं.

मागून तात्या आले.

"सही कोण करणार हाय?" त्यांनी विचारलं.

"मी."

"दादाला न सांगता?"

"तुम्हीच म्हणालात ना, सांगू नका म्हणून."

तात्या कठड्याला धरून खाली बसले. 

"तुझ्या आज्याचं पोट कापलं नांदेडात, तवा तू चौथीत हुतास. दादा हर्राशीत अडकला हुता, सीझन हुता. कागदावर सही म्या केली. बाबा इचारायला, पंढरी, काय करायलेत रं मला? म्या मनलं, काय न्हाई, सुई द्यायलेत." तात्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "बाबा टेबलावरून उठलाच न्हाई."

"ते माहितीय मला, तात्या. पण तुमची काय चूक?"

"चूक न्हाई. चूक न्हाई हे म्याच मला तीस वर्षं सांगायलो. इहिरीच्या भांडणात दादा काय बोलला, ते कुणाला मालूम न्हाई. मनला, बाबाला बी तूच घालवलास, न सांगता." ते थांबले. "त्यापायी आलो न्हाई म्या. पाळीपायी न्हाई."

खालून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"गावाकडं नेतो मनलो, ते भ्यामुळं मनलो," तात्या म्हणाले. "पण तुझी बायको बराबर बोलायली. दादाला सांग."

"सांगितलं तर नाही म्हणतील."

"मनू दे."

"तात्या, नाही म्हणाले तर मरतील ते!"

"मंग त्याच्या मनानं मरंल. तू तुझ्या मनानं सही केलीस आणि काही झालं, तर माझ्या वयाचा होईस्तोवर झोप येणार न्हाई तुला."

 तेवढ्यात बेल वाजली. चार वाजायला अजून दीड तास होता. पण देवणीची गाडी लवकर मिळाली असणार.

*

आतल्या खोलीत व्यंकटी पडून होता आणि ऐकत होता.

आवाज बसल्यापासून त्याचे कान फार तीक्ष्ण झाले होते. दोन महिने या घरात कुजबूज चालली होती. तो पाणी प्यायला उठला की ती थांबायची. बायको पाय दाबताना रडायची आणि कांद्याचं नाव सांगायची. पोरगा दारातून विचारायचा, बापू, बरंय ना? आणि उत्तराआधी निघून जायचा. व्यंकटी काही खुळा नव्हता. यार्डात व्यापाऱ्याच्या डोळ्यावरून भाव ओळखणारा माणूस तो. आपण चाललो, हे त्यानं कधीच ओळखलं होतं. ऑपरेशन म्हणजे पोराच्या मनाचं समाधान. दसऱ्याआधी तो यार्डात जाऊन सगळ्या शेडमधून फिरून आला होता. हमालांच्या, माथाडींच्या, आडत्यांच्या हातात हात देऊन आला होता. कशासाठी, ते कुणाला बोलला नव्हता.

आज सकाळी पंढरी आला. सहा वर्षांनी भाऊ येतो, तो जगणाऱ्या माणसाला बघायला येत नाही. उरलीसुरली शंकाही गेली.

आणि मग बाहेरच्या खोलीत त्यानं तो आवाज ऐकला.

"रामराम. व्यंकटराव, हायत का, घरी?"

घोगरा, सपाट आवाज होता. दोन-दोन शब्दांनी तुटत होता. असा आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता. व्यंकटी उठला, भिंतीला धरत दारापर्यंत आला.

सगळे उभे होते. मध्ये पांढरा सदरा घातलेला, साठीचा, ताठ पाठीचा माणूस होता. गळ्यात त्यानं जाळीदार रुमाल बांधला होता आणि अंगठा त्या रुमालावर दाबून धरला होता. बालाजी त्याच्यापुढं आडवा झाला होता.

"काका, आज नको. त्यांची तब्येत बरी नाही..."

"मामा, बसा," शिवकन्या म्हणाली.  "मला तुमच्याशी बोलायचंय."

"शिवकन्या!" बालाजी ओरडला.

"बोलू दे तिला," पंढरी म्हणाला.

व्यंकटीनं भावाकडं बघितलं, मग खुर्चीत बसला. शिवकन्या त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"उद्या तुम्हाला दवाखान्यात विचारणार हायत. त्याआधी तुम्हाला खरं सांगायला पायजे. गाठ परत आलीय. ती नुसती काढता येत न्हाई. आवाजाची पेटी पुरी काढावी लागतीय. गळ्याला भोक ठेवतेत, श्वास तिथून घ्यायचा, कायम. तुमचा आवाज जाईल, मामा. ऑपरेशननंतर तुमच्या आवाजात तुम्हाला बोलता येणार न्हाई."

नागाबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली.

"आन काढलं तर?" व्यंकटीनं विचारलं. त्याच्या घशातून फक्त वारा निघाल्यासारखं झालं.

"डॉक्टर मनले, गाठ अजून तिथल्या तिथंच हाय. दुसरीकडं कुठं गेली न्हाई. पुरी काढली तर बरं व्हायची चांगली आशा हाय. खात्री कुणी देत न्हाई. पण आशा हाय."

व्यंकटी तिच्याकडं बघत राहिला.

"मंजी म्या मरायलो न्हाई?"

कुणाला काही कळेना. शिवकन्येनं मान हलवली. "न्हाई, मामा. असं कोण मनलं?"

"कुणीच काय मनलं न्हाई!" तो ओरडला, निदान ओरडायला गेला. खोकल्याची उबळ आली. शिवकन्या भांडं घेऊन आली, त्यानं ते हातानं बाजूला सारलं. "दोन महिने. दोन महिने म्या रोज मरायलो त्या खोलीत. रोज. आन तुम्ही इथं दारं लावून..." नागाबाईकडं त्यानं बोट केलं. "तू बी."

"तुम्ही न्हाई मनाल, या भ्यानं," नागाबाई म्हणाली. "मला तुम्ही पायजे. मुके पायजे, कसे बी पायजे."

 तो देवणीच्या माणसाकडं वळला.

"दाखवा."

धोंडप्पांनी रुमाल वर केला. गळ्याच्या खळग्यात रुपयाएवढं छिद्र होतं, कडा गुलाबी, आत बोलण्यासाठी बसवलेली छोटी झडप. ते श्वासाबरोबर किंचित हलत होतं. व्यंकटीनं नीट बघून घेतलं. पोरगा खिडकीकडं बघतोय, हेही त्यानं बघितलं.

"झोपताना?"

"सवय, होती."

"आंघोळ?"

"जपून. पाणी आत, गेलं, तर थेट, छातीत. पोहणं, संपलं."

"हाक मारता येती?"

"न्हाई." धोंडप्पांनी अंगठा काढला, श्वास घेतला, पुन्हा दाबला. "टाळी, वाजवतो. खोटं, सांगणार न्हाई. पहिले, सहा महिने, वाईट गेले. फोनवर, लोक घाबरून, ठेवून द्यायचे. बसस्टँडवर, मी तीस वर्षं, ओरडलो. उदगीर, उदगीर, उदगीर. तिकडं, दोन वर्षं, गेलोच न्हाई."

"मंग कशापायी केलं?"

धोंडप्पा जरा हसले. हसण्याचा आवाज आला नाही, खांदे हलले.

"गाय, गाभण होती. म्हटलं, वासरू, बघू. मग मरू. आता तिला, तिसरं झालंय."

व्यंकटी हसला नाही.  बालाजी पुढं आला, "बापू," म्हणाला आणि थांबला.

"उद्या डॉक्टरला म्या सोता इचारतो," व्यंकटी म्हणाला. "मधी कुणी बोलायचं न्हाई. हाव का न्हाई, ते म्याच सांगीन." मग न बघता त्यानं विचारलं, "पंढरी, थांबतूस का?"

"थांबतो दादा."

"बाबाचं बोललो ते... बोलायला नको हुतं म्या."

पंढरीनं नाकावरून हात फिरवला आणि उठून आत पाणी प्यायला गेला.

*

सोमवारी व्यंकटीनं डॉक्टरांना अर्धा तास बसवून घेतलं. काढलं नाही तर किती दिवस, काढलं तर जेवण कधी, पुन्हा उलटलं तर पुढं काय. डॉक्टर एकदा सवयीनं बालाजीकडं वळून बोलू लागले, तेव्हा त्यानं टेबलावर टकटक केलं. लुंबिनीताई कोपऱ्यात लिहून घेत होत्या. त्यानं उत्तर मात्र दिलं नाही. तीन दिवस मागितले.

त्या तीन दिवसांत तो घरात जवळजवळ कुणाशी बोलला नाही. पंढरीला घेऊन यार्डात गेला. सोयाबीनची आवक जोरात होती, त्याच्या जागी दुसरा माणूस ढिगावर उभा होता. त्याचा पुकारा ऐकत तो तासभर बसला आणि परत आला. नागाबाईला वाटलं, आता नाहीच म्हणणार. गुरुवारी सकाळी त्यानं आंघोळ केली, घोटभर चहा गिळला आणि शिवकन्येला म्हणाला, "कपडे भर."

कागदावर सही त्यानं स्वतः केली. दुसऱ्या दिवशी सात तास ऑपरेशन चाललं. पंढरी जिन्यापाशी उभा होता, तो सात तास बसला नाही. डॉक्टर बाहेर येऊन "व्यवस्थित झालं, शुद्धीवर येताहेत," म्हणाले, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊन रडला.

चौथ्या दिवशी सिस्टर ट्रे घेऊन आल्या. गळ्यातली नळी कशी साफ करायची, आतला कफ मशीननं कसा ओढायचा, हे घरच्या एकानं शिकल्याशिवाय सुट्टी मिळणार नव्हती.

"कोण शिकणार?"

कुणी काही बोलायच्या आत शिवकन्या पुढं झाली. बालाजी पलंगाच्या पायथ्याशी होता. सासूबाईंनी पदर खोचून तिला जागा करून दिली. तीच शिकणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

व्यंकटीनं हात वर केला. नाकात नळी, गळ्याला पट्ट्या, डोळे सुजलेले. त्यानं वही मागितली. सातवीपर्यंतच्या शाळेचं अक्षर. त्याला वेळ लागला. लिहून झाल्यावर वही त्यानं सिस्टरकडं दिली. सिस्टरनी मोठ्यानं वाचलं.

"तिला नको. तिनं लई केलं. बालाजीला शिकवा."

बालाजीचा चेहरा उतरला. "मला... बापू, मला जमणार नाही, शिवकन्येला सवय आहे..."

व्यंकटी त्याच्याकडं बघत राहिला. वही परत घेतली नाही.

"हात धुऊन या," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं हात धुतले. बराच वेळ धुतले. हातमोजे घालताना एक फाटला, दुसरा दिला. सिस्टर सांगत होत्या, तो ऐकत होता आणि छिद्राकडं बघायचं टाळत होता. मग टाळता येईना. नळी आत गेली तशी व्यंकटीला जोराचा खोकला आला आणि कफाचा सपकारा बालाजीच्या शर्टावर उडाला. शिवकन्येचा पाय आपोआप पुढं पडला. सासूबाईंनी तिला दंडाला धरून थांबवलं.

"तू जा घरी," नागाबाई म्हणाली. "म्या हाय इथं. जा, पड जरा."

ती घरी आली. दुपार होती. काय करावं ते तिला कळेना. सवयीनं मिक्सरचं भांडं काढलं, परत ठेवलं. बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली, ती फोन वाजल्यावरच जागी झाली. बाहेर ऊन उतरलं होतं.

"तीनदा केलं मी," बालाजी म्हणाला. "तिसऱ्यांदा सिस्टर नुसत्या उभ्या होत्या. बापू झोपलेत आता."

"बरं."

"तू संध्याकाळी येऊ नको. मी राहतो इथंच." तो थांबला. "हात थरथरत होते माझे."

"माझे बी थरथरायचे."

"मला कधी दिसलं नाही."

"तुम्ही बघितलं न्हाई," शिवकन्या म्हणाली.

 पलीकडं वॉर्डात कुणाचं तरी मशीन टुकटुक करत होतं, ते ऐकू येत होतं. तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही ठेवला नाही.

"हाव," तो म्हणाला. "नाही बघितलं."